अप्पांचा डोह

सिद्रामप्पांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या अंगठ्यात रुतलेल्या गळामुळे.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या दवाखान्यात नर्स होते. सोमवारची सकाळ. सोमवारी दवाखान्यात नेहमीच गर्दी असायची. का, ते पुढे येईलच. रांगेत एक उंच, वाळका माणूस उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता. डोक्याला पटका, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. आणि अंगठ्यात मासे धरायचा गळ.

मी मूळची मालवणची. पोरांच्या बोटांतून गळ काढणं मला नवीन नव्हतं. गळाला उलटा काटा असतो, मागे ओढला तर मांस घेऊन येतो. म्हणून टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, काटा पकडीने कापायचा आणि मग दांडी मागे घ्यायची. मी यंत्रखात्यातून पक्कड मागवली.

"कापणार व्हय?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मग काय, अंगठ्यात घालून हिंडणार आहात?"

"तसं न्हाई बाई. अंगठ्याला काय बी करा. गळ इलायती हाय."

मी गळ कापला. अंगठा आठवड्यात बरा झाला, पण त्या गळाचं दुःख अप्पा पुढे कित्येक महिने बोलून दाखवत होते. दवाखान्यात कुणी नवीन माणूस दिसला की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ह्या सिस्टर लई हुशार हायत. फकस्त पक्कड हातात देऊ नका."

अप्पा कार्डिंग खात्यात फिटर होते. कापूस पिंजून त्याचे पेळू होतात ते हे खातं. आत गेलं की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. भुवयांवर, पापण्यांवर, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवर सगळीकडे कापसाची धूळ. गिरणीत गोरे अधिकारी होते त्या काळात डंकन नावाचा एक स्कॉटिश साहेब सूतखात्याचा मुख्य होता. त्याला मासेमारीचा नाद. रविवारी भीमेवर जाताना टोपली उचलायला एक पोरगा हवा होता, तो अप्पा. साहेब मायदेशी गेला तेव्हा जाताना बांबूच्या चिरफाळ्यांच्या दोन काठ्या, एक पितळी रीळ आणि पिसांच्या गळांची पेटी अप्पांना देऊन गेला.

आता गंमत अशी, की अप्पा लिंगायत. घरात कांदासुद्धा श्रावणात वर्ज्य. मासा खायचा तर सोडाच, मासळीबाजाराच्या रस्त्यानेही बायको जाऊ द्यायची नाही. तरी हा माणूस दर रविवारी नदीवर जायचा, मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा. साहेबाने तसंच शिकवलं होतं म्हणे.

सोलापुरात येऊन मला बरीच वर्षं झाली होती. खाऱ्या बोंबलापलीकडे मासा असा तोंडात पडत नव्हता. त्यामुळे दर सोमवारी आमचं हे असं चालायचं.

"काल काय मिळालं?"

"खडशी. ही अशी." हात कोपरापर्यंत जायचा.

"मग कुठाय?"

"सोडली की."

"अहो, मला तरी आणून द्यायची! मी काय पाप केलंय?"

"तुमी खाल की वो!"

हातात आलेलं अन्न पाण्यात टाकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. एकदा मी चिडून विचारलं, मग धरता तरी कशाला? त्यांनी विचार केला. अप्पा साध्या प्रश्नालासुद्धा विचार करूनच उत्तर द्यायचे. म्हणाले, "धरल्याबिगर तिला माहिती कसं व्हनार, मी आलोय म्हणून?"

गळाला मासा लागला की मात्र ते एक गोष्ट करायचे. ती मी एकदा त्यांच्याबरोबर नदीवर गेले तेव्हा स्वतः पाहिली. एका हाताने काठी सांभाळत दुसऱ्या हाताने ते गळ्यातलं लिंग उचलून पाठीवर टाकायचे. मासा सुटून पाण्यात गेला की पुन्हा छातीवर. मी कारण विचारलं.

"त्याच्या तोंडातनं रगत येतंय थोडं. देवानं कशाला बघायचं?"

घरी बायको, गंगव्वा. बुटकी, ठसठशीत, बोलायला लागली की निम्मं मराठी, निम्मं कानडी. तिने निकाल लावला होता: "मीन बी ब्याड, काठी बी ब्याड. घरात देव हाय." ब्याड म्हणजे नको. म्हणून काठ्या माझ्या खोलीत दाराआड उभ्या असायच्या. माझी खोली दवाखान्याला लागूनच होती. रविवारी सकाळी अप्पा काठ्या न्यायला यायचे आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचे. मग नळाखाली हात घासायचे, माती लावून, पुन्हा घासायचे, नाकाशी नेऊन हुंगायचे. एवढं करूनही गंगव्वाला वास यायचाच. एकदा तर ती तणतणत दवाखान्यात आली, इरकलीचा पदर माझ्या टेबलावर पसरला आणि म्हणाली, "बघा बाई, बघा!" पदराच्या काठातले लाल रेशमी धागे कुणीतरी सफाईने काढून घेतले होते. अप्पांनी ते कोंबड्याच्या पिसांवर गुंडाळून गळ बनवला होता. साहेबाच्या पेटीतल्या एका गळाचा जोड. तो गळ म्हणे सामन, म्हणजे सॅमन माशासाठी असतो.

या सामन माशाबद्दल अप्पा घरच्या नातेवाइकासारखं बोलायचे. साहेबाच्या गावच्या नदीत तो जन्मतो, समुद्रात जातो आणि मरायच्या आधी बरोबर आपल्या नदीला परत येतो. दुसरा एक ट्राउट, तो लहान, ठिपक्यांचा, थंड पाण्यातला. अप्पांनी दोन्हीही कधी पाहिले नव्हते. "आपली खडशी बी तशीच," ते म्हणायचे, "फकस्त तिला समुद्र न्हाई."

आता सोमवारचं सांगते.

कार्डिंगच्या माणसांची छाती सोमवारी आवळते. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी खात्यात शिरले की दुपारपर्यंत श्वास लागतो, खोकला थांबत नाही. मंगळवारी कमी, बुधवारी आणखी कमी. पुन्हा पुढच्या सोमवारी तेच. माझ्याकडची रांग ती ही. सुट्टीने सवय मोडते आणि धूळ पुन्हा नव्याने लागते, एवढी साधी गोष्ट. काही वर्षांनी मग सोमवार, मंगळवार असा भेद राहत नाही.

पण गंगव्वाचा हिशेब वेगळा होता, आणि मी कबूल करते की बाहेरून पाहणाऱ्याला तो चोख वाटावा असा होता. रविवारी नवरा नदीवर जाऊन मुक्या जिवाच्या तोंडात लोखंड घालतो. सोमवार शंकराचा वार. त्याच दिवशी नवऱ्याचा श्वास अडकतो. अजून काय पुरावा पाहिजे? गिरणीचे डॉक्टरही तिच्याच बाजूचे. "नदीवरचा गारठा लागतोय, रविवारचं बंद करा," म्हणून मोकळे व्हायचे. जे कधी नदीवर गेले नाहीत त्यांचीही छाती सोमवारीच का आवळते, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरायला सांगितल्या.

अप्पांना खरं काय ते ठाऊक होतं. "नदीवर मला येकदा बी ढास लागत न्हाई, सिस्टर. तिथं छाती ह्या दारासारखी उघडती." त्यांना कार्डिंग सोडायचं होतं. विणाई खात्यात बदली मागितली, जागा नव्हती. सोडून दिलं तर करायचं काय? तेवढ्यात डंकनसाहेबाचं पत्र आलं.

साहेब आता म्हातारा झाला होता. दोन मित्रांना घेऊन हिंदुस्थानात यायचं त्याच्या मनात होतं. मित्र आयुष्यभर सामन आणि ट्राउट धरलेले. त्यांना भीमेची खडशी दाखवायची होती. सगळी व्यवस्था सिद्रामने करावी, त्याचा मोबदला मिळेल. आणि मित्रांपैकी एकाची प्रवासाची कंपनी होती. सहल मनासारखी झाली तर दर हिवाळ्यात तो माणसं पाठवणार आणि सिद्रामला वाटाड्या म्हणून कायमचं ठेवणार.

पत्र मीच वाचून दाखवलं. इंग्रजी उत्तरंही मीच लिहायची. अप्पांनी शेवटचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग खिडकीबाहेर, गिरणीच्या धुराड्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे कार्डिंग सुटलं की."

"सहल नीट झाली तर," मी म्हटलं. उगाच आशा लावून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

"नीट व्हनार. न व्हायला काय झालं?"

त्या दिवसापासून माझ्या खोलीचं कचेरीत रूपांतर झालं. मुक्काम डाकबंगल्यात. सामानाला बैलगाडी. साहेबांना पाणी उकळून. नाश्त्याला अंडी. तिथे अडलं. अंडं किती वेळ उकडतात हे अप्पांना माहीत नव्हतं, आणि अंड्याला हात लावायची तयारीही नव्हती. शेवटी मी त्यांना बटाट्यावर शिकवलं. अप्पा स्टोव्हपुढे उकिडवे बसून, चमच्याने बटाटा अलगद पाण्यात सोडत होते आणि विचारत होते, "फुटंल का वो हे?"

एवढा नीट कामाला लागलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे. आणि वर्ष मात्र दुष्काळाचं होतं.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. भीमा नदी म्हणजे वाळूचा रुंद रस्ता झाली होती. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. पाणी उरलं होतं ते खोल डोहांतून. गव्हाळी गावाखालचा काळा डोह हा त्यातला सगळ्यात मोठा, आणि नदीतली खडशी हटत हटत सगळी तिथे येऊन कोंडली होती. अप्पांना यात सोयच दिसली. नदीभर शोधायला नको, मासा एका जागी आहे. आता त्याला चारा लावायचा, म्हणजे साहेब आला की हमखास लागेल.

चारा लावणं ही त्यांची जुनी पद्धत. पीठ मळायचं, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घालायचं, गोळ्या करून ठरावीक जागी ठरावीक वेळेला टाकायच्या. दसऱ्यापासून त्यांनी हे सुरू केलं. पीठ शाळूचं. अक्कलकोटकडच्या भावाने विहिरीवर पिकवलेलं एक पोतं पाठवलं होतं, त्यातलं. शहरात रेशनवर तेव्हा मिलो मिळत होती, ती परदेशी लाल ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, खाल्ली की घशात टोचायची. अप्पांनी आधी मिलोच्याच गोळ्या करून पाहिल्या होत्या.

"मग?" मी विचारलं.

"पाण्यात फुटत्यात. आन् मासा तोंड लावत न्हाई."

म्हणजे घरात गंगव्वा मिलोच्या भाकरी थापत होती आणि शाळू नदीला जात होता. ती मला एवढंच म्हणाली, "बाई, माझं सोडा. त्या गावाची माणसं बघत असतील की."

पौषात एका रविवारी अप्पांनी रंगीत तालीम ठेवली. साहेब म्हणून मी. एसटीने गेलो, पुढे चालत. वाटेत रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. बायकापुरुष उन्हात खडी फोडत बसले होते, पोरं कामावर वाटलेल्या सुकडीची पुडी चाटत होती. अप्पांनी काठ्या खांद्यावरून उतरवून बगलेत धरल्या.

डोहावर होडी नव्हती, काहिल होती. गूळ आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. ऊस नसल्याने गुऱ्हाळ बंद, म्हणून ती मिळाली होती. आमच्या मालवणच्या माणसाला कढईत बसून पाण्यात जायला सांगणं हा अपमान आहे, तसं मी म्हणाले.

"सायेब, बसा गुमान," अप्पा म्हणाले. "मधोमध. हलायचं न्हाई. सायबाला असं कुणी बोलतं का म्हणून इचारू नका, सायेब लई हलतो."

काहिल गोल फिरत डोहाच्या मध्यावर गेली. पाणी काळं, हिरवं, वास मारणारं. काठावर चिखल तडकलेला. अप्पांनी खिशातून एक दगड काढला आणि काहिलीच्या कडेवर ठोकला. टण् टण् टण्. जरा थांबून परत.

आधी काहीच नाही. मग खालून पाणी उजळलं. एक पाठ, मग दुसरी, मग मोजता येईनात. सोनेरी, बशीएवढे खवले, लाल पंख. काहिलीभोवती सावकाश गोल फिरायला लागले, दारात भिक्षेकरी उभे राहावेत तसे. अप्पांनी गोळी टाकली. एका मोठ्या खडशीने ती अगदी हातातून घ्यावी तशी घेतली. अप्पा तिला म्हणाले, "बारी बारी. आज सायेब न्हाई, सिस्टर हायत." मला म्हणाले, "हिचं वजन बघितलं का? सायबाचा सामन हिच्यापुढं पोरगं."

मी बारा गावचं पाणी प्यायलेली बाई. पण तेव्हा काहिलीची कड दोन्ही हातांनी धरून वाकून बघत राहिले.

काठावर परत आलो तर तिथे एक म्हातारी शेळीजवळ बसली होती. बायजाबाई तिचं नाव. काहिल सोडायला तीच मदत करायची. ती डोहाकडे पाहत होती. पाण्यावर अजून पिठाचा पांढरा तवंग होता.

"आमच्या लेकरास्नी मिलो," ती शांतपणे म्हणाली, "आन् माशास्नी शाळू. बरं हाय की."

"आज्जी, माशासाठी न्हाई वो. सायबासाठी. सायेब आला म्हंजे गावाला काम मिळंल. काहिल हाकायला माणूस लागंल, सामान व्हायला लागंल. दरसाल."

"कवा येतोय?"

"गड्ड्याची जत्रा झाली की. माघात."

"आन् तवर?"

अप्पांनी विचार केला. उरलेल्या गोळ्या त्यांनी म्हातारीच्या पदरात घातल्या. तिने त्यातली एक शेळीला दिली, आमच्या देखत, आणि बाकीच्या गाठीला बांधल्या.

परत येताना मी स्पष्ट सांगितलं, "अप्पा, निम्मे मासे धरा आणि गावात वाटा. निम्मे साहेबाला राहतील. भुकेल्या माणसापुढे माशाला जेवायला घालणं बरं दिसत नाही."

"न्हाई जमायचं. आवाज झाला की खायला मिळतं, येवढं त्यास्नी ठावं झालंय. येकदा फसवलं की परत येणार न्हाईत."

"आणि साहेब काय करणार? आवाज देऊन गळच टाकणार ना?"

"त्यो सोडणार की परत."

"गळ तर लागणारच."

"तेवढं चालतं," ते म्हणाले. मग एसटीत अंडी नासली तर कशी ओळखायची ते विचारत होते.

गड्ड्याची यात्रा झाली. साहेबाची तार आली, मुंबईला उतरलो, दहाबारा दिवसांत सोलापूर. अप्पांनी कार्डिंगच्या मुकादमाला सांगून टाकलं की आपण आता फार दिवस नाही. त्या सोमवारी ते दवाखान्यात औषधालाही आले नाहीत, दारातूनच छातीवर हात आपटून ओरडले, "आता काय, चार दिस कळ काढायची!"

पुढच्या रविवारी ते काठ्या न नेताच गेले. चाराच टाकायचा होता.

दिवेलागणीला दार वाजलं. अप्पा उभे होते. हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी, सुतळीने आवळलेलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. मला वासावरून कळलं.

"घ्या," ते म्हणाले. "तुमी मागत हुता की."

मी त्यांना आत बसवलं. बसले, पण ओट्यावर नाही, उंबऱ्यावर. काय झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. गावात विहिरी खोल करायचं काम चालू होतं, सुरुंगाची दारू होतीच. आदल्या दिवशी गावातल्या माणसांनी काहिल डोहाच्या मध्यावर नेली, कडेवर दगड ठोकला. टण् टण् टण्. मासे आले. आपल्याच पायांनी यावं तसे सगळे आले. मग माणसं काहिल काठाला घेऊन आली आणि पेटती कांडी पाण्यात टाकली.

अप्पा पोचले तेव्हा काठावर वाटे लागलेले होते. आदल्या दिवशीचे घराघरांत गेले होते. रविवारी सकाळी बाकीचे तरंगून वर आले, त्यांचे हे. घरागणिक एक ढीग. कुणी लपवाछपवी केली नाही, कुणी तोंड चुकवलं नाही. उलट बायजाबाईने त्यांना हाक मारली.

"'अप्पा, तुमचा वाटा काढून ठिवलाय,' म्हणाली. 'तुमीच पोसल्यात, तुमचा पैला.' मी म्हणलं, मी खात न्हाई. तर म्हणाली, काठावर असंल त्याला वाटा असतोय. न घेता गेलात तर आमच्या लेकरास्नी बाधंल."

"मग?"

"मग घेतला. लेकरं जेवत हुती की वो तितंच. चुलीवर चुली. दोन वरसांत त्या गावात एवढा धूर म्या बघितला नव्हता." ते थांबले. "मी काय म्हणावं त्यास्नी? सांगा की. काय म्हणावं?"

मी ते पुडकं ओट्यावर नेऊन ठेवलं.

त्यांनी नळावर हात धुतले, माती न लावता, आणि हुंगून न पाहता गेले.

मी मासा साफ केला. नासण्यापेक्षा बरा. पोट उघडलं तर रिकामं होतं, दाण्याचा कण नाही की पिठाचा लोळा नाही. नुसत्या आवाजावर आला होता. गावाहून आणलेलं कोकम होतं, ते घालून मी कालवण केलं आणि खाल्लं. इतक्या वर्षांनी ताजा मासा मिळाला होता. त्याबद्दल एवढंच.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी साहेबाला तार करायला सांगितली. काय लिहू म्हणून विचारलं. "नदी आटली म्हणून लिवा," म्हणाले. मी तसंच लिहिलं. ते काही खोटं नव्हतं.

महिन्याभराने काश्मीरहून पोस्टकार्ड आलं. साहेबाने लिहिलं होतं की फार वाईट वाटलं, पण मित्रांची निराशा नको म्हणून इकडे आलो. इथल्या ओढ्यांत ट्राउट उत्तम आहे आणि इथला वाटाड्या हुशार आहे. मित्र पुढच्या वर्षी पुन्हा इथेच येणार म्हणतात. सिद्रामने प्रकृतीची काळजी घ्यावी. मी मराठीत वाचून दाखवलं. अप्पा ऐकत होते.

"ट्राउट लहान असतोय," ते म्हणाले.

मुकादमाने त्यांना कामावर राहू दिलं. तोही एक उपकारच म्हणायचा. अप्पा आता रविवारी कुठेही जात नव्हते. घरात बसायचे, पोथी समोर ठेवून. पान उलटत नाही, असं गंगव्वा सांगायची. आणि सोमवारी रांगेत उभे राहायचे. आता मंगळवारी, बुधवारीही राहायला लागले.

उन्हाळ्यात एका सोमवारी गंगव्वा स्वतः त्यांना धरून घेऊन आली. अप्पांना बाकावर झोपवून मी वाफ दिली. त्यांचे ओठ काळपट पडले होते. जरा श्वास खाली बसला तशी ती मला बाजूला घेऊन गेली. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाई, नदी सुटली. काठी सुटली. दर रविवारी लिंगपूजा दोन येळा करत्यात. मग सोमवार का सुटत न्हाई?"

मी तिला सांगितलं. गाळून, गोड करून सांगायची मला सवय नाही. म्हटलं, हा कापूस आहे, गंगव्वा. पहिल्यापासून कापूसच होता. नदीवर होते तेवढा वेळ त्यांना बरं वाटत होतं.

ती म्हणाली, "नदीवर बरं वाटत हुतं?"

"हो."

"आन् मी सारखं बंद करा, बंद करा..." पुढचं ती कानडीत बोलली, स्वतःशीच. मला ते कळलं नाही. समजून घ्यायला मी गेलेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली आणि काठ्या मागितल्या. "घरात ठिवते," म्हणाली. मी दाराआडून काढून दिल्या. रीळ फडक्यात बांधून दिलं. रस्त्याने जाताना तिने त्या उभ्या धरल्या होत्या, यात्रेतला मानाचा दंड धरावा तशा, आणि लोक वळून पाहत होते. पुढे कळलं की तिने त्या देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, जावा, नदीवर जावा. अप्पा म्हणाले, "कशाला?"

त्याच वर्षी मला शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात नोकरी मिळाली. गिरणीतला माझा शेवटचा दिवस सोमवार होता. पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि मी सामानाची पेटी बंद करत खिडकीशी उभी होते. माणसं फाटकातून आत येत होती. अप्पा सगळ्यांच्या मागे होते. चार पावलं चालायचे, भिंतीला हात लावून थांबायचे, पुन्हा चालायचे. मी हाक मारली असती तर त्यांना मागे यावं लागलं असतं आणि तेवढाही दम वाया गेला असता, म्हणून मारली नाही.

कार्डिंगच्या दारापाशी ते थांबले. पटक्याचं टोक नाकातोंडावर बांधलं. मग गळ्यात हात घालून लिंगाची डबी उचलली, खांद्यावरून पाठीवर टाकली आणि आत गेले.